जेजुरीचा चुना कोणी भाजला?

आमच्या घरात चुना चार ठिकाणी असे. वडिलांच्या बंडीच्या खिशात पत्र्याची दुतोंडी डबी. तिच्या एका तोंडात तंबाखू, दुसऱ्यात चुना. चुलीमागच्या कोनाड्यात मातीचे एक बोळके. त्यात आजीने भिजवून ठेवलेला चुना असे आणि त्याच्यावर साचलेली निवळी ती आम्हां पोरांना पोट दुखले की चमचाभर पाजी. दाराबाहेर गंजलेला डालड्याचा डबा, त्यात कुंचा बुडवलेला. आणि चौथे ठिकाण म्हणजे आईचे डोके. ती बांधकामावर घमेली वाही. संध्याकाळी घरी येऊन तिने पदर झटकला की पांढरी धूळ उडे. ती पंचविशीत होती तेव्हाही तिचे केस मला पांढरेच आठवतात.

मंगळवार पेठेत नदीच्या अंगाला आमची वस्ती. माझा जन्म १९५२चा. पुढे मी शिक्षक झालो आणि तीसएक वर्षे इतिहास शिकवला. या वर्षांत चुना माझ्या तासाला एकदाही आला नाही. भूगोलात चुनखडी आली, विज्ञानात चुन्याची निवळी दुधाळ करण्याचा प्रयोग आला. इतिहासात मात्र राजे आले, त्यांचे वाडे आले, तहाच्या तारखा आल्या. वाडे कशाने उभे राहिले हे विचारायची मलाही कधी बुद्धी झाली नाही. दोष केवळ पाठ्यपुस्तकांचा आहे असे म्हणून मी सुटू इच्छित नाही. आमच्या पिढीने लेखणी हाती घेतली तेव्हा आम्ही आमचे दुःख लिहिले, उपासमार लिहिली, अपमान लिहिला. ते लिहिणे आवश्यकच होते. पण आमच्या आईबापांनी काय भोगले हे लिहिताना त्यांनी काय बांधले हे लिहायचे राहून गेले. ही उणीव मला आता म्हातारपणी टोचते, म्हणून हा लेख.

शनिवारवाड्यात मुलांची सहल घेऊन मी किती वेळा गेलो असेन! तिथे सांगायची हकिगत मला तोंडपाठ होती. १० जानेवारी १७३० रोजी थोरल्या बाजीरावाने वाड्याची पायाभरणी केली, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली, खर्च आला १६,११० रुपये. सागवान जुन्नरच्या जंगलातून आले, दगड चिंचवडच्या खाणीतून आला आणि चुना जेजुरीच्या पट्ट्यातून. पुढे २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाडा जळाला. एका सहलीत सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, जेजुरीचा चुना आणला कोणी?" मी म्हणालो, "बैलांनी." सगळी मुले हसली. मीही हसलो. तो विनोद मी केला याची आज मला लाज वाटते. कारण उत्तर माझ्या घरात होते. माझी आजी पुरंदर तालुक्यातली.

आजीचे माहेर जेजुरीपासून दोनेक कोसांवर. तिचा जन्म विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा. साल तिला सांगता येत नसे. आपला सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा आहे. चुन्याच्या दगडाचे जाड थर विदर्भात यवतमाळकडे सापडतात तसे पुण्याकडे नाहीत. इथला चुना निघतो तो खड्यांतून. काळ्या जमिनीच्या पोटात आणि ओढ्यांच्या काठांवर, पाण्यात विरघळलेला चुना शेकडो वर्षे साचत साचत बोराएवढे, लिंबाएवढे पांढरट खडे बनतात, तीच चुनखडी. नांगर धरणाऱ्याला ती नकोशी, भट्टीवाल्याला हवीशी. ती खणून काढायची, पाटीत भरायची, ओढ्यात धुऊन माती घालवायची आणि भट्टीपर्यंत डोक्यावरून न्यायची, हे काम बाया-पोरींचे. आजीने ते सातव्या-आठव्या वर्षापासून केले.

भट्टी लोणाऱ्यांची असे. मीठ, कोळसा आणि चुना ही लोणाऱ्यांची परंपरेची कामे. १८८५च्या पुणे जिल्हा गॅझेटियरातही त्यांची नोंद आहे. लोणारी अस्पृश्य नव्हते. पण गावात त्यांचाही मान फार होता असे नाही, कारण धुराने आणि भुकटीने माखलेल्या माणसाला आपल्या समाजात मान मिळत नाही. आजी सांगे, "लोणारीन बरी होती गं. पाटी खाली ठिवायला हात लावायची. भाकर मातुर वरनं टाकायची." पाटीला हात लागलेला चालतो, भाकरीला चालत नाही. आजीला यात काही नवल वाटत नसे. मला वाटले, आणि या लेखात पुढे जे येणार आहे त्याचे मूळ मला आजीच्या या एका वाक्यात सापडले.

भट्टी कशी लावीत ते तिने मला बोटांनी जमिनीवर काढून दाखवले होते. जमिनीत गोल खड्डा, भोवती दगडमातीची भिंत, खाली वाऱ्याला तोंड. आत एक थर लाकूड-कोळशाचा आणि शेण्यांचा, एक थर चुनखडीचा, पुन्हा जळण, पुन्हा खडी. एकदा पेटली की ती भट्टी दिवसरात्र राखावी लागे. आग कमी पडली तर खडा पोटात कच्चा राहतो, आणि जास्त झाली तर तो अति भाजला जातो आणि मग भिंतीत जाऊन महिन्यांनी फुटतो, गिलाव्याला फोड येतात. चुनखडीतला वायू निघून जायला सुमारे ९०० अंश सेल्सियस उष्णता लागते, हे मी पुस्तकात वाचले. आजीला अंश ठाऊक नव्हते, तिला रंग ठाऊक होता. "निखारा पळसाच्या फुलावानी झाला पायजे, त्येच्या अलीकडं न्हाय आन पलीकडं न्हाय." शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली तर ५६ किलो कळीचा चुना हाती येतो, उरलेले ४४ किलो वाऱ्यावर जाते. भट्टीजवळ निजलेला माणूस त्या वायूने गुदमरू शकतो. थंडीच्या रात्री भट्टीच्या उबेला निजायचे नाही, हा आजीला लहानपणी मिळालेला पहिला धडा.

कळीवर पाणी ओतले की ती उकळते, तडकते, तिचे पीठ होते. याच वेळी माणूस भाजतो. ओल्या हाताला, घामेजल्या मानेला, पायाच्या भेगांना कळी लागली तर ती मांसात उतरते. डोळ्यात उडाली तर डोळा जातो. आजीच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना नखे नव्हती. लहानपणी मला वाटे, म्हातारपणी नखे गळत असावीत.

हा चुना मग बैलांवर, गाढवांवर लादून सासवडवरून घाट उतरून पुण्याकडे जाई. बांधकामाच्या जागी चुन्याचा घाणा असे: दगडी गोल पन्हळ, तीत फिरणारे दगडी चाक आणि त्याला जुंपलेला बैल. चुना, वाळू, कधी विटांची भुकटी म्हणजे सुरखी, आणि पाणी, हे सगळे घाण्यात तासन्‌तास मळले जाई. चिकटपणासाठी गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी घालण्याची रीत होती. असे घाणे आपल्या किल्ल्यांवर आजही पडलेले दिसतात. शिवप्रेमी मंडळी त्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. काढोत बिचारे. पण घाण्याभोवती बैल हाकणारा, पन्हळीतला माल उलथणारा, घमेले उचलणारी, यांतल्या कोणाचे नाव त्यांना ठाऊक असते? मलाही ठाऊक नाही.

इथे मला मुक्ताबाई आठवते. मांग समाजातली चौदा वर्षांची ही मुलगी जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकली आणि १८५५ साली तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिने त्यात सांगितले आहे की मोठमोठ्या इमारती बांधताना आमच्या लोकांना हाकलून देऊन त्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या, आणि तेल-शेंदूर पाजून आमची माणसे त्या इमारतींच्या पायात पुरली गेली. पेशवाई संपून तेव्हा अवघी ३७ वर्षे झाली होती. तिने हे ऐकले असेल ते घरातल्या म्हाताऱ्यांकडून, ज्यांनी पेशवाई डोळ्यांनी पाहिली होती. अशा नरबळींच्या कथा लोककथा म्हणून बाजूला सारणारे विद्वान आहेत. कोणत्या वाड्याच्या पायात कोण पुरला याचा दाखला मी देऊ शकत नाही. पण इमारतीकडे पाहताना मुक्ताबाईला आधी पाया दिसला आणि मला, शिकल्यासवरल्या मास्तराला, नगारखाना दिसला, यातला फरक मी माझ्यापुरता विसरू शकत नाही.

चुन्याने भिंत बांधली जाते, तसे पाणीही अडवले जाते. पुण्याच्या इतिहासात ही दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अठराव्या शतकाच्या मध्यात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावापासून शहरापर्यंत दगड-चुन्याचा बंदिस्त नळ आणला गेला. तो जमिनीखालून वाहत येई. वाटेत हवेसाठी उच्छ्वास ठेवलेले, आणि शहरात पेठापेठांतून हौद. काळा हौद, साततोटीचा हौद, ही नावे आजही पुणेकरांच्या तोंडी आहेत. पाणी झिरपू नये म्हणून आतून चुन्याचा गिलावा घोटून घोटून गुळगुळीत केलेला. घोटणारी बाई हौदाच्या आत उतरल्याशिवाय हे काम होत नाही. ती खाली बसून, दगडाने, कोपऱ्याकोपऱ्यातून चुना घासते. मग ती बाहेर येते, हौदात पाणी सोडले जाते, आणि त्या दिवसापासून अस्पृश्याचा हात हौदाला लागला तर पाणी बाटते!

बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या १९३६च्या ग्रंथात पेशव्यांच्या राजधानीची आठवण दिली आहे: थुंकीसाठी गळ्यात मडके आणि पावले पुसण्यासाठी कमरेला झाडू. अशा शहरात हौदाजवळ उभे राहायचे आणि कोणी दयाळू माणूस वरून ओंजळीत पाणी ओतील याची वाट पाहायची. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तो या पार्श्वभूमीवर. या कृतीकडे आपण औदार्य म्हणून पाहतो. मी तिच्याकडे आणखी एका बाजूने पाहतो. जोतीराव बांधकामाचे ठेकेदार होते. बांधकामाचे साहित्य पुरवण्याचा त्यांचा व्यवसाय होता आणि खडकवासल्याच्या धरणाच्या कामावर त्यांनी ठेकेदारी केली होती. दगड कोण फोडते, चुना कोण मळते, हौदात कोण उतरते, हे त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिले होते. इंजिनियर खात्यातले कारकून मजुरांच्या रोजात कशी लबाडी करतात यावर त्यांनी कोरडे ओढले, तेही या अनुभवातून. पुण्यातल्या इतर सुधारकांनी समाजसुधारणेवर व्याख्याने दिली. त्यांच्यापैकी किती जणांनी मजुरांचा हजेरीपट पाहिला होता?

खडकवासल्याच्या धरणाचे काम १८६९ साली सुरू झाले आणि सुमारे दहा वर्षांनी पुरे झाले. काळा दगड आणि चुना यांचे हे धरण. त्याचे पाणी कालव्याने लष्करात आले, शेतीला गेले, शहराला मिळाले. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी वरचे पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने काही तासांत खडकवासलाही फोडले. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आमची मातीची भिंत पाण्यात साखरेसारखी विरघळली. आजी वरच्या अंगाला देवळाच्या ओट्यावर आम्हांला घेऊन बसली होती. पाणी ओसरल्यावर गल्लीत गुडघाभर चिखल, मेलेली जनावरे, कुजलेले धान्य. मग महापालिकेची माणसे आली आणि त्यांनी सगळीकडे चुन्याची फक्की टाकली. ती माणसेही आमच्यातलीच होती; त्यांच्यापैकी दोघांची घरे त्याच चिखलात गेली होती. वस्तीतले एक म्हातारे सांगत, की खडकवासल्याच्या कामावर आपल्या आज्याने माल वाहिला होता. त्या दिवशी ते सगळ्यांना एकच सांगत फिरत होते, "पानशेत नवं होतं, त्येच्या आधी जुनं फुटलं न्हाय, ध्यानात ठिवा." घरदार वाहून गेलेल्या माणसाला या गोष्टीचा अभिमान वाटत होता. तेव्हा मला ते वेडे झालेत असे वाटले.

चुना आणि रोगराई यांचे नाते पुण्यात त्याहून जुने आहे. १८९७च्या प्लेगात रँडच्या कारभाराखाली घरे तपासली गेली, सामान बाहेर काढले गेले, जमिनी उकरल्या गेल्या, जंतुनाशके शिंपडली गेली आणि भिंतींना चुना फासला गेला. त्या जुलमाची आठवण आपल्या इतिहासात पक्की आहे, आणि जुलूम झालाच होता. २२ जून १८९७च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. याच साथीत १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी ससाणे मळ्यातल्या यशवंतच्या दवाखान्यात नेले आणि त्यांनाही लागण झाली. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टींपैकी एक आम्ही वर्षानुवर्षे शिकवली. दुसरी अलीकडे शिकवू लागलो. आणि तिसरी गोष्ट, म्हणजे कुंचा आणि बादली घेऊन त्या माजघरांत शिरलेल्या मजुरांची, कोणीच शिकवत नाही. ज्या उंबऱ्याच्या आत त्यांची सावलीही चालत नव्हती तिथे सरकारी हुकुमाने भिंतीला चुना लावताना त्यांना काय वाटले असेल?

कातडे कमावण्यातही चुना लागतो. माझ्या वर्गातल्या एका मित्राचे आजोबा ढोर समाजातले, कातडी कमावणारे. जनावराचे कातडे चुन्याच्या पाण्यात काही दिवस बुडवून ठेवले की केस सैल होतात आणि खरवडून काढता येतात. मग ते धुऊन बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात कमावायचे. त्या चुन्याच्या कुंडालाही ते हौदच म्हणत. आजोबांच्या तळहाताला बारीक भोके पडलेली होती. त्यांच्या हातच्या कातड्याची मोट होई, आणि मोटेच्या पाण्यावर गावचे मळे पिकत, देवाला वाहायची फुलेही त्याच पाण्यावर फुलत. मोट चालली; मोट करणारा विहिरीवर चालला नाही.

पर्वतीचे देऊळही नानासाहेबांच्याच काळचे. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि त्यांचे सहकारी तिथे प्रवेशासाठी सत्याग्रहाला गेले, एस. एम. जोशी, न. वि. गाडगीळ यांच्यासारखी मंडळी सोबत होती. पायऱ्यांवर त्यांना दगड मिळाले. वडील तेव्हा लहान होते. पण पुढे त्यांनी त्या टेकडीवरच्या डागडुजीच्या कामावर रोजंदारी केली. ते म्हणत, "दरजा भरायला मला गाभाऱ्याच्या भिंतीपतुर नेलं. काम झालं आन दार लागलं."

आता वडिलांच्या डबीकडे येतो. तंबाखूत चुना का घालतात? चुन्याने तंबाखूतले निकोटीन मोकळे होते आणि गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात जाते. त्याने भूक मरते. बांधकामावर दुपारी एक भाकरी आणि मिरची खाऊन संध्याकाळपर्यंत माल वाहायचा, तर हे मिश्रण लागतेच. आई मिश्री लावी, वडील मळत. मुकादम दोघांनाही कधी नको म्हणत नसे. त्याच्या दृष्टीने ती सर्वांत स्वस्त न्याहारी होती. १९८३ साली वडील तोंडाच्या कर्करोगाने गेले.

मी शाळेला सुटी असली की त्यांच्याबरोबर कामावर जाई. तिथे पाहिलेली एक गोष्ट मी पुष्कळ वर्षे कोणाला सांगितली नाही. भिंत चढत होती. वर परातीवर गवंडी बसलेला, खाली आई. ती घमेले उचलून वर धरी, गवंडी ते तिच्या हातातून घेई, रिकामे घमेले तिच्या हाती देई. दिवसातून शंभर वेळा बोटांना बोटे लागत. कामावर त्या कालवलेल्या चुन्याला 'माल' म्हणतात. "माल आण!" एवढाच त्या दोघांचा संवाद. दुपारी सगळे सावलीला बसले. वडिलांच्या डबीतला चुना सुकला होता. ते गवंड्याला म्हणाले, "मिस्त्री, जरा चुना द्या." गवंड्याने आपली डबी उघडली, जमिनीवरची एक काडी उचलली, काडीच्या टोकावर चुना घेतला आणि वडिलांच्या तळहातावर वरून झटकला. काडी फेकून दिली. वडिलांनी तंबाखू मळली, फुंकली, गालात धरली. कोणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हते.

मालातला चुना आणि डबीतला चुना, दोन्ही एकाच भट्टीचे असतील. एक बाटत नाही, कारण त्याच्यावाचून मालकाचे घर उभे राहत नाही. दुसरा बाटतो, कारण तो तोंडात जातो. अस्पृश्यतेचा उगम धर्मग्रंथांत शोधणाऱ्यांनी शोधावा. तो शोध व्यर्थ आहे असे मी म्हणत नाही. पण ती रोज कशी चालते, हे मला त्या काडीने शिकवले. जिथे आमच्या श्रमाची गरज तिथे स्पर्श चालतो, आणि श्रम संपला की त्याच क्षणी, त्याच दोन माणसांत, काडी येते. गवंडी स्वतःही कोणी उच्चवर्णीय नव्हता. वाड्याच्या मालकाने त्यालाही चहा वेगळ्या कपातून दिला असेल. तरीही काडी त्याने उचललीच.

भाषाही हे सगळे मुकाट्याने वागवते. फसवणुकीला आपण 'चुना लावणे' म्हणतो आणि 'तोंडाला पाने पुसणे' असेही म्हणतो. व्युत्पत्ती पंडितांनी सांगावी. वडील आपली सांगत: भिंत आतून पोकळ असली, मुकादमाने सुरखी चोरली असली, की वरून चुन्याचा हात जाड मारायचा, मालक खूश. 'बिगारी' या शब्दातली बिगार म्हणजे वेठ, बिनमोलाची मजुरी. रोजगार हमी आली, किमान वेतनाचे कायदे आले, शब्द मात्र तोच. आणि गावाला आपण काय म्हणतो? पांढरी. शेताची जमीन ती काळी, वस्तीची ती पांढरी; चुनखडीची, राखाडी-पांढऱ्या मातीची. जुन्या कागदांत काळी-पांढरी म्हटले की सगळा गाव आला. महारवाडा त्या पांढरीच्या बाहेर. पांढरी माती खणून गावच्या भिंती घालायला मात्र आम्हीच.

आमच्या वस्तीला चुना दोनदा लागे. एकदा कोणी मंत्री येणार असला की. आदल्या रात्री रस्त्याच्या दोन्ही कडांना फक्कीच्या रेघा पडत, गटारावर फक्की पडे, आणि मोटारी गेल्यावर दुसऱ्या दिवशी कोंबड्या त्या रेघा उकरीत. दुसऱ्यांदा, १४ एप्रिलच्या आधी. हा चुना आम्ही आमच्या पैशांनी आणत असू. पूर्वी भिंती सारवायच्या त्या दसरा-दिवाळीला. १९५६च्या धर्मांतरानंतर आमच्या घरांचे वर्ष जयंतीपासून सुरू होऊ लागले. कळी आणायची, पिंपात फोडायची, रात्रभर निववायची, कापडातून गाळायची, भिंतीला धरून राहावी म्हणून मूठभर मीठ आणि डिंकाचे पाणी, आणि पांढरी खुलावी म्हणून नीळ. नीळ किती टाकायची यावरून वस्तीत दरवर्षी भांडण होई. तरण्या पोरांना भिंत निळीच हवी असे, आजी म्हणे, "आरं, चुना हाय का आभाळ?" पण तीही कुंचा घेऊन पहाटे उठे. दुसऱ्याच्या घराला आयुष्यभर चुना वाहिलेल्या बाईने स्वतःच्या चार हात भिंतीला लावलेला तो चुना असे. तिच्या बोटांना नखे नव्हती, म्हणून कुंचा ती मुठीत धरी.

सिमेंट आले आणि भट्ट्या विझल्या. गेली काही वर्षे जुन्या वाड्यांची डागडुजी पुन्हा चुन्यानेच करतात, कारण चुन्याच्या भिंतीला सिमेंट मानवत नाही; ओल आत कोंडते आणि दगड-विटा झिजतात. गेल्या वर्षी पेठेतल्या अशाच एका वाड्याचे काम पाहायला मी गेलो. घाणा होता, पण विजेच्या मोटरीवर चालणारा. चुना राजस्थानातून गोण्यांतून आलेला. मजूर मराठवाड्यातले आणि थोडे बिहारचे. वास्तुरचनाकार तरुणी मोठ्या आस्थेने मला गूळ-बेलफळाचे प्रमाण समजावून सांगत होती. मी विचारले, "हे प्रमाण तुम्हांला कोणी सांगितले?" ती म्हणाली, "काही पुस्तकांतून घेतले, आणि काही या मावशींकडून." मावशी हौद्याशी वाकून माल उलथत होत्या; परभणीकडच्या. त्यांचे नाव कामाच्या कागदांत आहे का, असे मी विचारले. तरुणीने वही उघडली. हजेरीला नाव होते, पुढे 'महिला बिगारी' आणि रोजाचा आकडा. मी ते नाव, त्यांच्या आईचे नाव आणि भट्टी त्यांनी कुठे पाहिली त्या गावाचे नाव माझ्या वहीत उतरून घेतले. मावशींनी हात पुसला आणि विचारले, "सर, तंबाखू खाता का?" मी सोडून तीस वर्षे झाली. तरी हात पुढे केला. त्यांनी आपल्या बोटावरचा चुना माझ्या तळहातावर बोटानेच लावला.